नाव घातलेली कळशी

रिकामं भांडं दिसलं की माझ्या सासूबाईंचा जीव कासावीस व्हायचा. सगळं आयुष्य यवतमाळात गेलेलं. तिथे नळाला पाणी आलं तर आलं. त्यामुळे लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जिथे नळ फिरवला की हवं तेव्हा पाणी, तिथेही त्या सकाळी उठून पातेली, बादल्या, माझा प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी ते पाणी शिळं झालं म्हणून ओतायचं आणि ताजं भरायचं. "अहो आई, इथे पाणी जात नाही हो," मी म्हणायचे. "जात नाही ते ठीक हाये वं. पन गेलं तर?"

मी हसायचे त्यांना, पण मी तरी कुठे वेगळी होते? माझं 'गेलं तर' व्हिसाचं होतं. दोन हजार सहा साल. कायम राहायची परवानगी चार वर्षांनी मिळायची, ती नियम बदलून पाच वर्षांनी केली, आणि आमचं नेमकं चौथं भरत आलेलं. म्हणजे पुन्हा एक्स्टेन्शन, पुन्हा अर्ज. पासपोर्ट होम ऑफिसकडे, म्हणजे इथल्या गृहखात्याकडे, जाऊन पडलेले आणि उत्तराचा पत्ता नाही. तेवढ्या दिवसांत मी बसचं तिकीट उतरल्यावरसुद्धा जपून ठेवायचे, न जाणो कोणी विचारलं तर! नवरा म्हणायचा, तू म्हणजे कमाल आहेस. त्याचं बरं होतं, त्याच्या वाटची काळजीही मीच करत होते ना.

सासरे आदल्या हिवाळ्यात गेले. आई एकट्या पडल्या म्हणून नवऱ्याने त्यांना व्हिजिटर व्हिसावर सहा महिने इकडे आणलं. बॅग उघडली तर पापड, तीळ, आणि नऊवारीत गुंडाळलेली स्टीलची कळशी. माझं डोकंच फिरलं. "आई, ईलिंग रोडला ढिगाने भांडी मिळतात हो!" त्यांनी कळशी उचलून माझ्यासमोर धरली. गळ्याखाली सासऱ्यांचं नाव घातलेलं होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, खाली 'यवतमाळ'. घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला घेतलेली. दुकानाबाहेर मशीन घेऊन बसणाऱ्याकडून आईंनी स्वतः उभं राहून नाव घालून घेतलं होतं, अक्षर चुकू नये म्हणून.

आल्यावर त्या बोलेनाशाच झाल्या होत्या. खिडकीशी बसायच्या आणि समोरून जाणाऱ्या बस बघायच्या. त्यांचं मन कुठे रमावं म्हणून मी त्यांना आमच्या अलॉटमेंटवर न्यायला लागले. अलॉटमेंट म्हणजे कौन्सिल भाड्याने देते तो जमिनीचा तुकडा. आमचा अगदी शेवटचा, मेट्रोपॉलिटन लाइनच्या रेल्वेबांधाला लागून. त्या उन्हाळ्यात इंग्लंडात कधी नव्हे ते पाण्याची ओरड झाली. होजपाइपवर बंदी आली, टाकीतून झारीने न्या म्हणे. झालं! आई एकदम जाग्या झाल्या. टंचाई म्हणजे त्यांचं राज्य. ईलिंग रोडच्या दुकानदाराकडून त्यांनी लोणच्याचे निळे ड्रम मागून आणले, तांदूळ धुतलेलं पाणीही ट्रॉलीतून न्यायला लागल्या, आणि टाकीपासून ड्रमपर्यंत कमरेवर कळशी घेऊन खेपा घालायला लागल्या. सगळी अलॉटमेंट बघत राहायची. शेजारचे लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची भाजी, लावणारे गोरे आजोबा टोपी काढून त्यांना वाट द्यायचे. पलीकडचे वालपापडी लावणारे गुजराती काका म्हणायचे, "बहनजी, आप तो पूरे लंडन को पानी पिला दोगी." आई पदराआड हसायच्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

एके दिवशी त्या घाईघाईने माझ्याकडे आल्या. "अवं, तिकडं काटेरी झुडपामागं कोनी अंबाडी लावली हाये! आपल्याकडचंच मानूस दिसते. पन पार वाळून राह्यली बिचारी."

बांधाखाली ब्लॅकबेरीचं रान माजलेलं होतं, त्याच्या आत कुठेतरी. मी टोमॅटो बांधत होते, मान वर करून बघायलाही मला फुरसत नव्हती. म्हटलं, असेल कोणी. विदर्भातली बरीच मंडळी आता इकडे आहेत. जवळपास कोणीतरी आपलं आहे असं त्यांना वाटलं याचाच मला आनंद. त्या रोज आपलं झालं की तिकडे जायच्या. तिथे म्हणे जमिनीत पिंप पुरलेलं होतं, वर झाकण, आणि पिंप कोरडं ठणठणीत. ज्याची अंबाडी तो माणूस काही दिसेना. "आजारी-बिजारी असन. तोवर आपन पानी द्यावं," असं म्हणून आईंनी ते पिंप भरायला घेतलं. झारीने पाणी नेऊन पिंपात ओतायचं आणि कळशीने काढून एकेका झाडाला घालायचं. कळशी तिथेच ठेवून यायच्या. मी म्हटलं, अहो, कोणी नेईल. तर म्हणाल्या, "आपल्याच मानसाच्या वावरातून कोन नेते?"

मग एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी भाजी केली. इतकं पाणी घातलं, ओंजळभर पाल्यावर आपला हक्क आहे म्हणाल्या. डाळ घातली, कण्या घातल्या, वरून लसणाची फोडणी. मी ऑफिसातून आले तर घरभर एक विचित्र उग्र वास. आईंनी तळहातावर थेंबभर घेऊन चाखलं आणि त्यांचा चेहरा पडला. "आंबटच नाही वं! अंबाडी अन् आंबट नाही? इकडच्या मातीतच दम नाही."

ओट्यावर उरलेला पाला पडला होता. मी एक पान उचललं. लांब लांब बोटं, कडेला करवतीसारखे दाते. ते पान मी कॅमडेन मार्केटच्या निम्म्या टी-शर्टांवर पाहिलं होतं.

"आई," मी म्हटलं. "आई, हा गांजा आहे."

"शंकराचा?"

"हो, शंकराचाच! आणि इथे त्याला पोलीस धरतात!"

मी ती कढई उचलली आणि टॉयलेटमध्ये ओतली. मग पाला टाकला. मग वाटलं, पाइपातून कोणाला कळलं तर? नवऱ्याला फोन केला तर तो ट्रेनमध्ये. म्हणाला, "तो शब्द फोनवर बोलू नकोस." मग मीच रडायला लागले. इतकी वर्षं एक पार्किंग तिकीट नाही, टॅक्स वेळेवर, कोणाच्या अध्यात ना मध्यात; आणि आता पासपोर्ट होम ऑफिसात असताना आम्ही भर दुष्काळात कोणाचा तरी गांजा जगवला. झाडं आमची नाहीत हे कोणाला पटवून देणार? पाणी तर आमचंच होतं. आई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. हळूच म्हणाल्या, "कळशी तिथंच हाये."

नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. आणि तेच आडनाव अलॉटमेंटच्या गेटवर, प्लॉट नंबरासमोर लावलेलं.

नवरा घरी आल्यावर म्हणाला, अंधारात मुळीच जायचं नाही, तेच संशयाचं दिसेल. सकाळी शनिवार आहे, सगळे जातात तसं जाऊ. घरांवरून पोलिसांचं एक हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. उन्हाळ्यात ते नेहमीच घालायचं, पण त्या दिवशी मी सगळे पडदे ओढले.

सकाळी तिथे पोचल्यावर नवरा गाडी लावायला गेला आणि आम्ही दोघी पुढे निघालो. गेटमधून आत पाऊल टाकलं आणि माझे पाय तिथेच थांबले. आमच्या प्लॉटजवळ दोन पोलीस. झुडपाकडे त्यांची मनाईची पट्टी लावलेली. कोणीतरी कळवलं असणार. पाच-सहा अलॉटमेंटवाले गोळा झालेले आणि एका पोलिसाच्या हातात, पारदर्शक पिशवीत, आमची कळशी. परत फिरावं तर सगळ्यांनी आम्हाला पाहिलं होतं. मी आईंचा हात धरला.

पोलीस चांगला होता बिचारा, तरुण, सौम्य. कळशीवर काहीतरी इंडियन लिहिलंय, कोणाला वाचता येतं का, असं त्याने विचारलं आणि पिशवी गुजराती काकांपुढे धरली. काकांनी चष्मा लावला. त्यांना हिंदी उत्तम वाचता यायचं, ते रोज हिंदी पेपर घेऊन बसायचे. कळशी ओळखायला तर वाचायचीही गरज नव्हती. दीड महिना ती आईंच्या कमरेवर सगळ्यांनी पाहिली होती. काकांनी नाव वाचलं, त्यांचे ओठ हललेले मला दिसले. मग त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाले, अक्षरं फार झिजलीत, काही लागत नाही.

पोलीस गोऱ्या आजोबांकडे वळला. त्यांनी कळशी कधी पाहिली नव्हती म्हणे. टोपी सारखी करत ते आपल्या लीककडे निघून गेले.

मग तो आईंसमोर आला. त्यांच्या साडीकडे पाहून त्याला वाटलं असेल, यांना माहीत असेल. पिशवी थोडी वर करून त्याने मला विचारलं, ही यांची आहे का, जरा विचारता का?

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते, देव जाणे. आईंनी मला बोलूच दिलं नाही. त्यांनी कळशीकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. नाव त्यांच्याच बाजूला होतं. मग मान हलवली आणि म्हणाल्या, "नो." इंग्रजी त्यांना चारच शब्द यायचे, त्यातला हा एक. पोलिसाने थँक यू म्हटलं आणि कळशी गाडीत नेऊन ठेवली.

आई आपल्या वाफ्याशी गेल्या. टोमॅटोला झारीने पाणी घातलं, मेथीला घातलं. रडल्या नाहीत. मीच आपली कुंपणाला धरून उभी. घरी जाताना मी म्हटलं, आई, मला माफ करा. तर म्हणाल्या, "तू काहून? पासपोर्ट यायले पाह्यजे पोराचा."

आमच्याकडे पुन्हा कोणी आलं नाही. तरी पुढे कितीतरी दिवस दाराची बेल वाजली की मी आधी पडद्याआडून बघायचे. एक्स्टेन्शन आलं. ऑक्टोबरात आई परत गेल्या. जाण्याआधी रोज पाणी भरून ठेवणं त्यांनी बंद केलं होतं. मी कित्येकदा रिकामी बादली मुद्दाम त्यांच्या वाटेत ठेवायचे, पण त्या बाजूने जायच्या.

पुढच्या वर्षी कायमची परवानगी मिळाली. नवऱ्याने ऑफिसातून फोन केला, आम्ही दोघं फोनवरच ओरडलो. मग मी यवतमाळला फोन लावला. म्हटलं, आई, झालं! आता आपल्याला इथून कोणी काढू शकत नाही. त्यांना खूप आनंद झाला, देवापुढे साखर ठेवते म्हणाल्या. मग मला वाटलं लाइन कटली.

"आई?"

"हाव, हावो," त्या म्हणाल्या. "मी काय म्हनते सूनबाई, आता त्या पोलीस पोरग्याले सांगता येईन का वं, का ते कळशी आमचीच होती म्हून?"