मालनबाईंच्या शेवंतीचं बी

मालनबाई कुणाला नाही म्हणायच्या नाहीत, हीच त्यांची लबाडी. गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीत त्यांच्या अंगणात तांब्याच्या रंगाची शेवंती होती. ब्याण्णव साली बंगला बांधला तेव्हा कळवणहून आईच्या परसातून आणलेली. कुणीही मागितली की त्या आत जायच्या आणि कागदाच्या पुडीत बी घेऊन यायच्या. पेरा, भरपूर आहे म्हणायच्या.

बायका खूश होऊन पेरायच्या. फुलं यायची फिकट पिवळी, नाहीतर मातकट गुलाबी. मालनबाई म्हणायच्या, तुमची माती वेगळी. मी वनस्पतीशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. शेवंती बियांतून आईसारखी येत नाही. बुंध्याशी फुटणारे मुनवे मुळांसकट वेगळे करून लावले तरच तोच रंग मिळतो. हे मला ठाऊक होतं, त्यांनाही. मी तोंडावर सांगितलं, ही शुद्ध फसवणूक आहे. त्या हसल्या आणि मलाही एक पुडी दिली.

मुनवे शेजारच्या ललिताच्या बाजूला कुंपणाखालून घुसायचे. दर पावसाळ्याच्या तोंडाला मालनबाई खुरपं घेऊन कुंपणाच्या कडेने सगळे तोडून टाकायच्या. ललिता बँकेत नोकरीला, बोलणं मोजकं. ती खिडकीतून नुसती बघायची. एक पावसाळा तेवढा चुकला. आई अंथरुणाला खिळली म्हणून मालनबाई कळवणला राहिल्या. आई गेली. मागून भावाने परसात नांगर घातला, द्राक्षं लावली. आता ती शेवंती उरली फक्त इथे.

मी कानीकपाळी ओरडत होते, की गड्डा उपटा, फोडा, चार ठिकाणी लावा. जुना झाला की मधून मरतो. पण चार ठिकाणी लावायचं म्हणजे कुणाच्या तरी हाती लागायचं. नाहीच फोडला त्यांनी. दोन हजार सहाच्या पावसाळ्यात अंगणात पाणी तुंबलं आणि गड्डा कुजला. हातात काळी मुळं धरून त्या पायरीवर बसल्या होत्या. आईच्या घरचं हेच एक होतं, एवढंच बोलल्या.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी ललिताकडे हळदीकुंकू होतं. आम्ही आत गेलो आणि थबकलो. घटापुढे तांब्याच्या रंगाची फुलं होती. बायका घटाकडे बघेनात, मालनबाईंकडे बघायला लागल्या.

त्यांना कुंकू लावून घेण्याचंही भान राहिलं नाही. "ललिता, एक मुनवा देशील?"

ललिता आत गेली आणि कागदाची पुडी घेऊन आली. "घ्या ना काकू. पेरा, भरपूर आहे."

कुणी हसलं नाही. मालनबाई पुडीकडे बघत राहिल्या. आता उठून जातील असं मला वाटलं; मानी बाई, जाऊही शकल्या असत्या.

"बियांना हा रंग येत नाही," त्या म्हणाल्या.

"मोठ्याने सांगा. मोहिनीताई मागे बसल्यात. त्यांनी चारदा पेरलंय."

"येत नाही. मला पहिल्यापासून माहीत होतं."

ललिताने पुडी परत घेतली. मग शांतपणे म्हणाली, "तुम्ही कळवणला होतात ना, तेव्हा एक मुनवा आला कुंपणाखालून. मागे धुण्याच्या दगडापाशी नेऊन लावला. खुरपं तुमचं आणा. कुठे तोडायचं ते तुम्हालाच चांगलं ठाऊक."

मालनबाई खुरपं घेऊन आल्या. जरीच्या साडीतच उकिडव्या बसल्या. मागच्या दारात आम्ही सगळ्या दाटीने उभ्या. खुरपं जरा वाकडं गेलं असतं तर मूळ तुटलं असतं. पहिला मुनवा सुटला, तो त्यांनी पदरात घेतला आणि उठायला लागल्या.

"मोहिनीताई," ललिता म्हणाली.

मालनबाई पुन्हा बसल्या. ललिता एकेक नाव घेत गेली, त्या मान वर न करता तोडून देत गेल्या. माझं नाव शेवटी आलं. मला मिळाला तो सगळ्यात बारका, एकच मूळ असलेला. मुद्दाम दिला असणार.

जगला.