धुईतला बांध

दिवाळीच्या सुट्टीत टेंभुर्णीला माहेरी गेले तेव्हा रंगांच्या चारच ट्यूब सोबत नेल्या: पांढरा, निळा, मातकट पिवळा आणि विटकरी. मी शाळेत चित्रकला शिकवते, पण तैलरंगांना हात लावून बरीच वर्षं झाली होती. रंग थोडे असले की चित्र बिघडायला जागा कमी राहते, एवढं आठवत होतं.

सकाळी शेतात धुई होती, टेकडीपर्यंत धुकं. बांधावर स्टँड लावला. निळ्यात विटकरी कालवला की राखाडी होतो; त्यात पांढरा वाढवत नेला की झाडं मागं सरकतात. जवळची तूर हिरवट ठेवली. मधल्या कडुलिंबाच्या कडा फडक्यानं पुसून मऊ केल्या. पलीकडची टेकडी आभाळाहून जराशीच गडद.

दादा, म्हणजे माझे वडील, मागं येऊन उभे राहिले. माझ्या चित्रांबद्दल ते कधी बोलत नसत. आज मात्र अगदी जवळ वाकून बघत राहिले.

"बराबर काढलं, बाई. मला बी असंच दिसतं."

"धुई आहे ना दादा. ऊन पडलं की जाईल."

"ऊन पडलं तरी असंच. त्या लिंबाच्या पल्याड काहीच दिसत न्हाई."

मी ब्रश खाली ठेवला. "सांगितलं काहून न्हाई?"

"तू येती आन् जल्दी जल्दी निघती. मंग कव्हा सांगू?"

गुडघा दुखतो म्हणून त्यांनी मोटरसायकल सोडली, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. गुडघ्याला काहीच झालेलं नव्हतं. मला आधी राग आला, मग भीती वाटली. हा माणूस रोज एकटा विहिरीवर जात होता.

दुसऱ्याच दिवशी त्यांना जालन्याला घेऊन आले. चित्र अर्धंच राहिलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू सांगितला. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, काही दिवसांनी दुसऱ्याचं. तोवर दादा जालन्यातच, आमच्या मस्तगडच्या घरी राहिले. लेकीच्या घरी इतकं राहायची त्यांची पहिलीच वेळ. जेवताना फार अवघडायचे.

दुसरी पट्टी निघाल्यावर ते गॅलरीत बसले आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायला लागले. एकही सोडली नाही. खालचे लोक वर बघायला लागले. मी हसत बाहेर आले तर माझ्याकडं वळले.

"तुहे केस पांढरे झाले की गं," ते म्हणाले.

"हो," म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी बसले.