थोरल्या साडूंचा परलोक

मेल्यानंतर कुठं जायचं, वाटेत कोण कोण भेटणार आणि त्यांच्याशी काय बोलायचं, हे सगळं जिवंतपणीच तोंडपाठ असलेला माणूस सबंध खानदेशात एकच झाला असेल, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू, नाना. अशा माणसाला त्याच्याच गावात, चारचौघांत, खोटं पाडण्याचं काम मी केलं. दोरी मी ओढली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं नानांच्या गमती सांगताना मला हसू येईल, तुम्हालाही येईल, आणि त्या हसण्यात माझी बाजू उगीचच बरी वाटू लागेल.

नाना धरणगावला कापूस खरेदी केंद्रावर मापाडी होते. हंगामात बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची आणि रांगेच्या तोंडाशी मोठ्या काट्याजवळ पांढरी टोपी घातलेले नाना. कापसाचं गठडं काट्यावर चढलं की ते मागं सरत, पोलिसानं पकडल्यासारखे दोन्ही हात वर करत आणि मगच वजन वाचत. आपला कुठं हात लागलेला नाही हे शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसावं, एवढाच त्यात हेतू. पण ही सवय इतकी अंगात मुरली होती की घरी अक्कानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ताटात भाकरी वाढली तरी त्यांचे हात क्षणभर वर जात. अक्का माझ्या बायकोची थोरली बहीण. ती म्हणायची, "हात खाले करा, भाकर मोजेल नही शे."

तर या सरळ माणसाच्या आयुष्यात इजिप्त शिरलं ते भुसावळच्या एका रद्दीवाल्याच्या दुकानातून. प्राचीन इजिप्तची देवळं, थडगी आणि परलोक यांवरचं एक जाडजूड, चित्रांचं इंग्रजी पुस्तक त्यांनी तिथून आणलं. पावसात भिजल्यामुळं त्याची निम्मी पानं एकमेकांना चिकटलेली होती, आणि नानांचं इंग्रजीही यथातथाच. त्यामुळं जे दिसलं ते त्यांनी चित्रांवरून समजून घेतलं आणि जे चिकटलं होतं ते धरणगावच्या अनुभवावरून भरून काढलं. मृतांचा राजा ओसायरिस हिरव्या रंगाचा असतो, म्हणून तो झाला 'हिरवे महाराज'. मढ्याची राखण करणारा कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस झाला 'कोल्हेबाबा'. मेलेल्याचा निकाल टिपून ठेवणारा थॉथ बगळ्यासारख्या लांब चोचीचा होता. त्याला नाना 'बगळे तलाठी' म्हणत. आणि मगरीचं तोंड, सिंहाचं पुढचं अंग आणि पाणघोड्याचं मागचं अंग असलेली, पापी माणसाचं काळीज गिळणारी जी बया, तिला नाव ठेवायची मात्र त्यांची छाती झाली नाही. तिला ते नुसतंच 'ती' म्हणत, आणि तेही आवाज खाली करून.

ही विद्या त्यांनी स्वतःपुरती ठेवली असती तर कुणाची तक्रार नव्हती. पण उन्हाळ्यात बायका कैरीच्या फोडींना मीठ लावायला बसल्या की नाना हमखास ओट्यावर येऊन टेकत. "हे तुम्ही कैरीला करता ना, तेच ते लोक माणसाला करत. मिठात घालायचं, सगळं पाणी सुटू द्यायचं, मग गुंडाळून ठेवायचं. हजारो वर्षं टिकतं." त्या वर्षीचं लोणचं खरोखरच टिकलं, कारण आमच्या दोन्ही घरांत कुणी त्याला हात लावला नाही. थंडीत एकदा केळीच्या मळ्यात भरिताचा बेत होता. कापसाच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती, पुऱ्या तळल्या जात होत्या, आणि नानांनी एक वांगं देठाला धरून उचललं. "मेंदू ते असा नाकातून काढत, आकड्यानं," असं म्हणून त्यांनी वांग्यावर प्रात्यक्षिक केलं. पाचोऱ्याहून आलेले आमचे सासरे त्या दिवशी नुसत्या पुऱ्या आणि गूळ खाऊन उठले.

अक्काचा मात्र या परलोकावर मुद्देसूद आक्षेप होता. नानांनी एकदा मोठ्या कौतुकानं सांगितलं की तिकडं पुण्यवान माणसाला शेत मिळतं, हिरवंगार, गहू माणसाच्या डोक्याच्या वर. अक्का भाकरी थापता थापता थांबली. "मंग ते वखरनं कोन? निंदनं कोन?"

"ज्याचं त्यानंच," नाना म्हणाले.

"तठे बी निंदनंच शे ते मरीसन फायदा काय?"

यावर नानांनी कुंभाराकडून मातीची गडीमाणसं करून आणली. इजिप्तचे लोक थडग्यात अशा बाहुल्या ठेवत. परलोकात कामाची हाक आली की मालकाऐवजी बाहुली ओ देते. नानांनी नात्यातल्या प्रत्येकाला एकेक वाटली. आमच्या वाट्याला आलेला गडी बायकोनं गव्हाच्या कोठीवर ठेवला. "भाऊजींना सांगा, याला आत्ताच कामाला लावता येतो का बघा," असं ती मला म्हणाली.

पण नानांचं खरं प्रेम होतं ते काळजाच्या तोलावर. मेलेला माणूस हिरव्या महाराजांच्या दरबारात येतो. काट्याच्या एका पारड्यात त्याचं काळीज, दुसऱ्या पारड्यात सत्याचं पीस. काळजाचं पारडं खाली गेलं की माणूस पापी, आणि काळीज 'ती'च्या तोंडात. बेचाळीस देव ऐकत बसलेले असतात आणि माणसानं आपण काय काय केलं नाही ते एकेक करून सांगायचं. मी चोरी केली नाही. मी कुणाला रडवलं नाही. मी वाहतं पाणी अडवलं नाही. मी तराजूत खोट केली नाही. शेवटच्या वाक्याशी नाना नेहमी थांबत. "गुरुजी," ते मला म्हणत, कारण मी प्राथमिक शाळेत शिक्षक, "एवढ्या लांबच्या लोकांना, एवढ्या जुन्या काळी, मापाड्याचं पाप ठाऊक होतं. म्हणजे बघा, आपलं काम केवढं जोखमीचं." मग पुढचं वाक्य येई, "मी उगाच जास्त बोललो नाही," आणि चुलीजवळून अक्काचा आवाज येई, "हाई बी इचारतस का? मंग तुमन्हं काही खरं नही."

एका वर्षी, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, आमच्या गल्लीच्या गणपतीसमोर हलता देखावा करायचं ठरलं आणि नानांनी हा दरबार पुढं केला. मंडळात कुरकुर झाली की गणपतीसमोर परके देव कशाला. नाना म्हणाले, "आपल्या देवाला हत्तीचं मुख, त्यांच्या देवाला कोल्ह्याचं. दोघं भेटले तर बोलतील, भांडायचं काय त्यात?" मग महिनाभर बांबू, कापड, कागदाचा लगदा असं चाललं. 'ती'चा जबडा टेबलफॅनच्या मोटरवर उघडझाप करी. शहामृगाचं पीस धरणगावात कुठलं मिळणार, म्हणून मोरपीस घेतलं. मेलेल्या माणसासाठी कापडदुकानातला जुना पुतळा आला. त्याला नानांनी स्वतःचा कोट, टोपी आणि एका काडीचा चष्मा चढवला. लाउडस्पीकरवरून "मी हे केलं नाही, मी ते केलं नाही" म्हणणारा आवाजही नानांचाच. तेव्हा मेलेलं कोण आहे, याबद्दल गावात कुणालाही शंका नव्हती.

लोटले हो लोक! आजूबाजूच्या खेड्यांतून गाड्या जुंपून आले. एका म्हातारीनं कोल्हेबाबाकडं बोट करून विचारलं, "हाऊ कोनता देव शे भाऊ?" नाना म्हणाले, "मसणातला राखणदार, आजी." तिनं लगेच त्याला हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवसापासून कोल्हेबाबापुढं नारळ येऊ लागले.

माझं काम स्टेजखाली बसून काट्याची दोरी धरायचं. नानांचं एकेक वाक्य झालं की काटा थोडा डुलवायचा आणि पुन्हा सरळ धरायचा. खाली उकाडा, डास, आणि वरून नानांची वाहवा. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी सासरे पाचोऱ्याहून देखावा बघायला आले. ते माझ्या डोक्यावरच्या फळ्यांवर उभं राहून कुणाला तरी म्हणाले, "थोरल्या जावयाचं डोकं म्हणजे डोकं!" धाकटा जावई त्यांच्या पायाखाली घामानं भिजत बसला होता. त्याबद्दल अवाक्षर नाही. एवढंच झालं. एवढ्यावरून माणूस काय करेल सांगता येत नाही.

लाउडस्पीकरवर नाना म्हणाले, "मी तराजूत खोट केली नाही." आणि मी दोरी ओढली.

काळजाचं पारडं धाडकन खाली आलं. मोटर चालूच होती. 'ती'चा जबडा बरोबर त्याच क्षणी बंद झाला. अशी हसण्याची लाट उठली की मांडवाचं कापड हललं. कुणी तरी ओरडलं, "नाना, सापडी गयात तुम्ही!" मीही स्टेजखाली तोंडावर हात दाबून हसत होतो.

गर्दी ओसरल्यावर नाना खाली वाकले. चेहरा पांढरा पडलेला. "गुरुजी, दोरी तुमच्या हातून निसटली का?"

इथं मी हो म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण मी घाबरलो आणि म्हणालो, "मी तर तेव्हा पाणी प्यायला बाहेर होतो, नाना. दोरी बांधून ठेवली होती."

"म्हणजे काटा आपोआप खाली आला," नाना म्हणाले, आणि तिथंच स्टेजच्या कडेला बसले.

पुढं जे झालं त्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि मला हसता येत नव्हतं. काटा आपोआप खाली आला म्हणजे आपल्या हातून मापात कधी तरी चूक झालीच असणार, असं नानांनी मनाशी पक्कं केलं. ते सायकल काढून खेडोपाडी जाऊ लागले. शेतकऱ्याच्या दारात उभं राहून विचारत, "माझ्याकडून कधी वजन कमी भरलं का? आठवून सांगा, मी माफी मागायला आलोय." शेतकरी आधी चकित होत, चहा पाजत, आणि नाना वळल्यावर म्हणत, "माफी मांगी ऱ्हायना म्हनजे काहीतरी व्हईच ना!" कापसाचा हंगाम सुरू झाला तेव्हा लोक वजन पडताळायला घरून ताणकाटे घेऊन आले. नानांनी हात वर केले की रांगेतून आवाज येई, "हात नको नाना, काळीज दखाडा!" रोजची कटकट नको म्हणून केंद्राच्या साहेबांनी नानांना काट्यावरून काढलं आणि फाटकाशी गाड्या आत सोडायला उभं केलं.

नानांनी तक्रार केली नाही. फक्त बोलणं बंद केलं. कैरीच्या वेळी ते ओट्यावर आले नाहीत. एक दिवस अक्का आमच्याकडं आली, चहा समोर ठेवला तो तसाच राहिला. "तुमना साडू बोलतच नहीत. ना हिरवा महाराज, ना कोल्हा. माले घर खावाले उठस. गुरुजी, तुम्हीच इचारा त्यास्ले. तुमनं आयकतीन." माझी बायको माझ्याकडं बघत होती. तिला काही माहीत नव्हतं, तरी मला वाटलं की तिला सगळं माहीत आहे.

पुढच्या हंगामात, भर गर्दीच्या दिवशी, मी शाळा सुटल्यावर केंद्राच्या फाटकाशी गेलो आणि नानांना सगळं सांगितलं. सासऱ्यांचं वाक्य, डास, दोरी, पाणी प्यायची थाप. ते माझ्याकडं न बघता ऐकत राहिले. मला वाटलं, हे आता मला मारतील, आणि मारलं तर बरं होईल.

"म्हणजे तो आपोआप खाली आला नव्हता?"

"नाही."

"मग माझं काळीज अजून तोललंच गेलेलं नाही," नाना म्हणाले. परीक्षा पुढं ढकलल्याचं ऐकून पोरांचे चेहरे होतात तसा त्यांचा चेहरा झाला. पण लगेच त्यांनी तोंड फिरवलं आणि टोपी काढून बराच वेळ हातात धरली. मग म्हणाले, "गुरुजी, मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच होतं मी काय केलं नाही ते. मध्यंतरी विसरलो होतो एवढंच. त्यांना सांगा," आणि बैलगाड्यांच्या रांगेकडं हात केला.

इजिप्तच्या माणसाला मेल्यावर बेचाळीस देवांसमोर उभं राहावं लागे. पण ते देव निदान त्याच्या ओळखीचे नसत. मी काट्याजवळच्या गाडीवर चढलो तेव्हा समोरच्या गाड्यांवर माझ्या विद्यार्थ्यांचे बाप बसले होते. मी सांगू लागलो. आधी दोरीचं ऐकून लोक हसले. मग नाना सायकलवर दारोदार का फिरत होते ते सांगितलं आणि हसणं थांबलं. पुढच्या गाडीवरचा एक म्हातारा म्हणाला, "गुरुजी, पोरेस्ले खरं बोलाले शिकाडतस ना तुम्ही?"

नाना फाटकापासून गाड्यांच्या मधून चालत काट्याशी आले होते आणि खाली मान घालून उभे होते. आज ते नाहीत. शेवटची काही वर्षं ते पुन्हा काट्यावर होते, पुन्हा हिरव्या महाराजांबद्दल बोलत होते, आणि मला भेटले की कधी त्या दिवसाचं नाव काढत नसत. मी मात्र अजून तिथंच, त्या गाडीवर उभा आहे असं मला वाटतं. त्या दिवशी मी गाडीवरून खाली उतरलो, सगळ्यांच्या देखत त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हणालो, "नाना, तुमच्या मापात कधीच खोट नव्हती. ती माझ्यात होती. मला माफ करा."