तोर्किलचा डावा हात

आमच्या शेजारची विबेके इथल्या थुबोरन बंदरातल्या मासळी कारखान्यात कामाला होती. नवरा तोर्किल बोटीवर इंजिन सांभाळायचा. साठीला टेकला आणि झटका येऊन त्याचं डावं अंग लुळं पडलं. विबेके रडली नाही. तिनं पलंग खालच्या खोलीत आणला आणि कामाच्या वेळा बदलून घेतल्या. विचारपूस करायला गेलं की म्हणायची, "चाललंय." झटका दोघांनाही आलाय, असं वाटायचं.

एका सकाळी ती त्याला शर्ट चढवत असताना त्याला मोठी जांभई आली, आणि तो लुळा हात आपोआप छातीपर्यंत वर आला. जांभई संपली तसा पडला.

"तोर्किल, हात हलला तुझा!"

"कुठला?"

"डावा! हलव बघू परत."

त्यानं दातओठ आवळून जोर लावला. हात ढिम्म.

गुरुवारी त्याचा व्यायाम घ्यायला मेरेते आली. तिला नवल वाटलं नाही. "आपण ठरवून हात हलवतो तो हुकूम मेंदूच्या वरच्या भागातून येतो. ती वाट तुटलीय. जांभई खालच्या, जुन्या भागातून येते. तिची वाट शाबूत आहे."

"म्हणजे बरा होईल?"

"यावरून तसं नाही म्हणता येणार, विबेके."

"पण जांभई येते तरी कशाला?" तोर्किलनं विचारलं.

"कुणी म्हणतं मेंदू गार करायला, कुणी म्हणतं जागं राहायला. नक्की ठाऊक नाही. एकाची दुसऱ्याला लागते, आणि जवळच्या माणसाची जास्त लागते म्हणतात."

दुसऱ्या दिवशी विबेके त्याच्यासमोर बसली आणि तिनं खोटीच जांभई दिली.

"काय गं हे सोंग? पाणघोडी दिसतेस," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्यालाही आली. हात उचलला. तिनं झटकन बाही सरकवली.

मग रोज तसंच. एकदा मी त्यांचं भांडं परत द्यायला गेले, तर दोघं समोरासमोर आ वासून बसलेली. मलाही दारातच जांभई आली. "तुलाही लागली? ये, कॉफी घे," ती म्हणाली.

मार्चमध्ये दुसरा झटका आला, त्यात तोर्किल गेला. नंतर मी तिला विचारलं, "तो हात वर यायचा तेव्हा काय वाटायचं गं?"

ती म्हणाली,

"पहिल्या दिवशी आशा वाटली. मग काही नाही. बाही लवकर चढायची."

मग तिनं विचारलं, त्याचे रबरी बूट माझ्या नवऱ्याला होतील का.