वहिनींचा कॉलेजचा फोटो

निकाल लागले की आमच्या फोटो स्टुडिओत शाळा संपवलेल्या मुलांची झुंबड उडते. कॉलेजात प्रवेश घ्यायचा तर गुणपत्रिका लागते, शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि फोटो लागतो. पहिल्या दोन गोष्टी मास्तरांच्या हातात, तिसरी वहिनींच्या.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मी गल्ल्यावर बसून बडबड करतो, दादा बाहेरची कामं बघतो आणि स्टुलावरच्या मुलांचे फोटो वहिनी काढतात. नियम कडक. दोन्ही कान दिसले पाहिजेत, तोंड बंद, डोळे उघडे. पण एरवी दात काढत हिंडणारी पोरंसुद्धा त्या स्टुलावर बसली की फाशीची शिक्षा ऐकल्यासारखी ताठ होतात. त्यावर वहिनींचा उपाय ठरलेला. त्या विचारतात, "कॉलेजात जाऊन काय शिकणार?" पोरगं उत्तर देतं आणि उत्तर संपून ओठ मिटले की वहिनी बटण दाबतात. तेवढाच वेळ चेहरा ज्याचा त्याचा असतो, असं त्यांचं म्हणणं.

मला वाटायचं, ही नुसती युक्ती आहे. पण वहिनींना खरंच जाणून घ्यायचं असायचं. भूगर्भशास्त्र म्हणणाऱ्या एका मुलीला त्यांनी दगडांबद्दल इतकं विचारलं की रांग फुटपाथवर गेली. वहिनी, आपण फोटोवाले आहोत, परीक्षक नाही, असं मी म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

रसायनशास्त्रवाला कुणी आला की त्यांचा एक जुना प्रश्न बाहेर यायचा. पूर्वी आमच्याकडे डार्करूम होती. लाल दिव्याखाली कोरा कागद औषधाच्या पाण्यात बुडवला की त्यावर हळूहळू माणूस उमटायचा. लग्न होऊन आल्यापासून हे काम वहिनींचंच. तो का उमटतो, असं त्यांनी दादाला विचारलं होतं. "येतो म्हणून येतो," दादा म्हणाला होता. मुलंही म्हणायची, काकू, ते पुढे शिकवतील.

यंदा एक मुलगी म्हणाली, मग तुम्हीच चला की काकू, आमच्या कॉलेजात वयाची अट नाही. ती हसत निघून गेली. वहिनींनी मात्र ट्रंकेतून आपली जुनी गुणपत्रिका काढली, शाळेत जाऊन दाखला आणला. दादा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याच्या मनात काय आहे, हे आम्हाला कळेना.

अर्ज घ्यायच्या शेवटच्या दिवशी सगळं तयार होतं, फक्त फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दादाने कॅमेरा धरला. दिवा चमकला आणि वहिनींचे डोळे मिटले. पुन्हा काढला, पुन्हा मिटले. कॉलेजची खिडकी दुपारी बंद होणार होती. दादा वैतागून बाजूला झाला, तशा वहिनी उठायला लागल्या.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "या वयात शोभत नाही बहुतेक."

मला रागच आला. अख्ख्या गावाच्या पोरांना धीर देणाऱ्या बाईने असं बोलावं? मी कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिलो.

"वहिनी, कॉलेजात जाऊन काय शिकणार?"

त्या पुन्हा बसल्या.

"कोऱ्या कागदावर माणूस कुठून येतो, ते. इतकी वर्षं माझ्या हातून आला तो. मला कळायला नको?"

ओठ मिटले. डोळे सताड उघडे होते. मी मात्र ऐकतच राहिलो आणि बटण दाबायचं विसरलो. मागून दादाचा हात पुढे आला आणि त्याने ते दाबलं.

वहिनींनी फोटो नेहमीसारखा तपासला. कान, तोंड, डोळे. चालेल, म्हणाल्या. दादा प्रिंट कापायला बसला.

"शिकलीस की मलाही सांग," मान वर न करता तो म्हणाला. "मला तरी कुठे ठाऊक होतं."