आतली कडी

श्रावण संपला की आमच्या घरात नारळ साठतात. ओटीचे, पूजेचे, कुणी जाता जाता हातात ठेवलेले. फार दिवस ठेवून चालत नाही, फोडून वाटावेच लागतात. आमच्या सोमवारच्या ग्रुपमधल्या किश्श्यांचंही तसंच झालंय. खरं तर हा ग्रुप मनावर घाव बसलेल्या बायकांचा. दर सोमवारी दुपारी साडेतीनला ऑनलाइन भरतो. अशा ठिकाणी रडणं साठेल असं वाटलं होतं. पण साठलं ते हसणंच जास्त!

एक आधीच सांगते. नावं बदलली आहेत, आणि ज्यांचे किस्से आहेत त्यांना विचारलंय. त्यांची दुखणी मात्र त्यांचीच, ती इथे नाहीत. माझं दुखणं माझं आहे, ते सांगते.

*

माझं दुखणं म्हणजे कडी. बाथरूमची, आतली.

लग्नाला एकतीस वर्षं झाली, तेवढी वर्षं मी ती लावलेली नाही. दार नुसतं लोटायचं, आणि आत कुणी आहे हे बाहेर कळावं म्हणून अंघोळ होईपर्यंत मोठ्याने स्तोत्र म्हणायचं. घरच्यांना सवय झाली. आवाज आहे म्हणजे आई आत आहे! शेजारच्या काकू तर अख्ख्या बिल्डिंगला सांगायच्या, "सुनंदाची भक्ती बघा, अंघोळीतसुद्धा देव सोडत नाही!"

देवभोळी मी आहेच. पण तेवढ्या वेळापुरता देवाला दारावर उभा केलाय, हे कुणाला सांगणार?

मग गेल्या वर्षी घसा बसला. आवाजच फुटेना. आमची सून मधुरा खराडीला ऑफिसला निघायच्या गडबडीत होती, तिने सरळ दार उघडलं. दोघी किंचाळलो. म्हणजे ती किंचाळली. मी नुसतं तोंड उघडलं!

नंतर ती चहा घेऊन जवळ येऊन बसली. "आई, आवाज नव्हता तर कडी लावायचीत ना!"

"लावते गं उद्यापासून," असं मी म्हटलं, आणि हातातली कपबशी वाजायला लागली. थांबेचना.

मधुराने कपबशी काढून घेतली. त्या दिवशी ऑफिसला उशिरा गेली आणि संध्याकाळी येताना या ग्रुपची माहिती घेऊन आली.

*

पहिल्या सोमवारी मी ह्यांचा फोन घेऊन बसले, कारण माझा फोन एकदा तांदळाच्या पिठात पडल्यापासून सगळं धुक्यातलं दाखवतो. बटण दाबलं. 'थांबा, तुम्हाला आत घेतलं जाईल' असं आलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी आपली हात जोडून बसलेली!

शेवटी निरोप आला. "नमस्कार प्रभाकर सर. हा ग्रुप फक्त महिलांसाठी आहे."

मी घाईघाईने लिहिलं, "मी प्रभाकर नाही."

"मग कोण?"

"प्रभाकरची बायको."

"हो, पण आपलं नाव?"

गेली कित्येक वर्षं मी कुणाची तरी आई, कुणाची तरी काकू. जरा वेळ लागला. मग लिहिलं, "सुनंदा." आणि आत घेतलं!

*

ग्रुप चालवतात त्या नेहाताई समुपदेशक आहेत. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण सगळ्या ताईच म्हणतो. त्या म्हणाल्या, "काकू, निदान सोळा बैठका करा. मध्येच सोडू नका."

सोळा! आणि त्याही सोमवारी! याहून देवाने आणखी काय सांगायचं? मी उठले, देवापुढे बसून पळीभर पाणी सोडलं आणि संकल्प केला. सोळा सोमवार ग्रुपला बसेन, आणि सोळाव्या सोमवारी आतून कडी लावून अंघोळ करीन, तरच उद्यापन.

परत येऊन नेहाताईंना सांगितलं, "आता मला सोडताच यायचं नाही. देवाला शब्द देऊन आलेय."

नेहाताई म्हणाल्या, "काकू, बाकीच्या जणी नुसता फॉर्म भरतात!"

*

ग्रुपचा नियम असा की एकीने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, च्च् च्च् करायचं नाही.

मी म्हटलं, "म्हणजे व्रताची कहाणी ऐकतात तसं! हातात अक्षता धरा. मूठ मिटलेली असली की तोंडही मिटलेलं राहतं."

सगळ्यांना पटलं. पुढच्या सोमवारी प्रत्येकीच्या मुठीत तांदूळ. फक्त शकूबाई अडल्या. शकूबाईंचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा आहे. फोन पोत्याला टेकवून त्या तिथूनच बसतात.

"अवो काकू, हितं तांदूळ कुठला? कांदा हाय. कांदा धरू का?"

सोमवारी, उपासाच्या दिवशी, कांदा! पण स्क्रीनपलीकडच्या कांद्याचा दोष लागत नसावा. "धरा," म्हटलं.

त्या दिवशी एकीने तिचं सगळं सांगितलं. आम्ही सगळ्याच डोळे पुसत होतो. शकूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि कांदा कॅमेऱ्यासमोर धरला. "ह्याच्यामुळं हाय बरं का! सांगून ठिवते!"

*

एकदा नेहाताई म्हणाल्या, "डोळे मिटा. जिथे तुम्हाला अगदी सुरक्षित वाटतं, अशी जागा समोर आणा."

एकीने समुद्रकिनारा आणला. एकीने डोंगर. मी म्हटलं, "पर्वतीच्या पायऱ्या. तिथे दारच नाही."

शकूबाई म्हणाल्या, "माजा गाळा."

"गाळा? तिथे तर केवढा गोंगाट असतो!"

"आसू द्या की. शटर माज्या हातात हाय. मी वर करनार, मीच खाली करनार. दुसरं कुनी न्हाई."

नेहाताईंनी ते वहीत लिहून घेतलं. मी मनात लिहून घेतलं.

*

प्राजक्ता वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवते. म्हणजे शिकवायची, तेव्हा रजेवर होती. ती ग्रुपला यायची, पण फोन टेबलावर उताणा ठेवून. नऊ सोमवार आम्हाला तिचा फक्त छताचा पंखा दिसला! एक अक्षर बोलायची नाही.

मला त्या पंख्याचा लळा लागला. एका सोमवारी नियम विसरून बोलून गेले, "प्राजक्ता बाळा, पंख्यावर किती धूळ बसलीय गं!"

नेहाताईंनी डोळे मोठे केले. मी जीभ चावली. आता ही पोरगी पुन्हा यायची नाही, असं वाटून आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही.

दहाव्या सोमवारी पंखा आला. लख्ख! आणि मग पंखा हलला, भिंत दिसली, खिडकी दिसली, आणि एक बारीकशी, चष्मा घातलेली मुलगी.

"काकू, दोन महिन्यांत पहिल्यांदा घरातलं काहीतरी पुसलं," ती म्हणाली. "आता बाकीचंही पुसायला घेतलंय."

शकूबाईंनी गाळ्यावर टाळ्या पिटल्या. मागचे हमाल बघायला लागले. "काय झालं बाई?" तर म्हणाल्या, "पोरगी पास झाली!"

*

अकराव्या सोमवारी मी बोलले.

लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून दूध उतू गेलं. सासूबाईंनी मला कोठीच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. सकाळी नऊला. हे कंपनीतून यायच्या थोडं आधी काढली. मग ती रीतच पडली. मीठ जास्त झालं, कडी. माहेरचं पत्र आलं, कडी. वर्षभर. आत दिवा नव्हता. मी स्तोत्रं म्हणत बसायची, कारण आवाज थांबला की मी आहे की नाही, हेच मला कळेनासं व्हायचं.

एवढंच. एकतीस वर्षं उराशी धरलेलं, आणि सांगायला चार मिनिटं लागली!

सगळ्यांच्या मुठी मिटलेल्या. फक्त शकूबाईंना राहवेना. "काकू, तुमची सासू हाय का अजून?"

"नाही हो. बारा वर्षं झाली जाऊन."

"वाचली!"

पाच बायका आणि एक समुपदेशक, सगळ्या हसत सुटल्या. मीही. त्या संध्याकाळी सासूबाईंच्या फोटोला नेहमीसारखी उदबत्ती लावली. पण हसल्याबद्दल माफी मागितली नाही.

*

ह्यांना सांगायचं धैर्य पुढच्या आठवड्यात झालं. दोघं मेथी निवडत बसलो होतो. मी पानांकडे बघत सांगितलं, ह्यांनीही पानांकडे बघत ऐकलं.

एक काडी बाजूला टाकून म्हणाले, "आई सांगायची, सूनबाईचं डोकं दुखतंय म्हणून पडलीय. मी कधी विचारलं नाही गं तुला."

"नाही विचारलंत," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? मेथी मात्र दोघांनी मिळून संपवली.

तिसऱ्या दिवशी मी देवळातून आले, तर हे स्टुलावर. घरातल्या सगळ्या दारांच्या बाहेरच्या कड्या स्क्रू ड्रायव्हरने काढून खाली वर्तमानपत्रावर मांडलेल्या! दारांना नुसती भोकं.

मुलगा ऑफिसातून आला, बघतच राहिला. "बाबा, हे काय? चांगल्या होत्या की कड्या!"

"चांगल्या नव्हत्या," हे म्हणाले, आणि खाली भंगारवाल्याला हाक मारायला गेले.

*

नेहाताईंनी मला गृहपाठ दिला होता. पहिला आठवडा कडीला नुसता हात लावायचा. मी न्हाऊन-माखून, हळदकुंकू लावून, नमस्कार केला.

"काकू, नुसता हात लावायचा होता!"

"तिचा देव केल्याशिवाय मला विश्वास बसत नाही हो."

मग कडी लावून दहापर्यंत मोजायचं. पहिल्यांदा चारलाच उघडली. घामाने ब्लाऊज भिजलेलं. पंधराव्या सोमवारपर्यंत कशीबशी दहाला पोचले. पण दहा आकडे म्हणजे अंघोळ नव्हे! आणि उद्यापन आठवड्यावर.

शेजारच्या काकूंनी विचारलं, "सवाष्णी किती बोलावल्यास?"

"सहाजणी बोलावल्यात."

"सवाष्णीच आहेत ना सगळ्या?"

"माझी कहाणी ऐकलेल्या आहेत," मी म्हटलं. मधुराला तर कहाणी ऐकायच्या आधीच कळली होती, म्हणून तिचं पान पहिलं!

*

सोळावा सोमवार. पानं बाराला मांडायची होती. पण शकूबाई पहाटेचा बाजार उरकून नऊलाच दाराशी हजर, बरोबर अर्धं पोतं बटाटे. वाघोलीहून ट्रॅफिक लागेल म्हणून प्राजक्ता लवकर निघालेली, तिला ट्रॅफिकच लागलं नाही. मागोमाग नेहाताई. मधुरा रजा घेऊन घरी, चुरम्याचं पीठ तिनेच न्हाऊन भाजून ठेवलेलं. अंघोळ फक्त माझी राहिलेली! सगळ्यांना चहा दिला आणि टॉवेल घेऊन आत गेले.

बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. पाच मिनिटं झाली, तरी स्तोत्र नाही. हे पेपर टाकून उठले. दाराला हात लावला, दार हलेना.

"सुनंदा! अगं, आवाज का येत नाही? मधुरा, लवकर ये, दार अडकलंय!"

धावपळ झाली. प्राजक्ता ओरडली, "काकू!" नेहाताईंनी शांतपणे म्हटलं, "काकू, श्वास घ्या, मोठा श्वास घ्या," पण त्यांचाच श्वास लागलेला. शकूबाई म्हणाल्या, "सरका समदे. पोती उचलते मी रोज. एका धक्क्यात दार आडवं करते!"

"थांबा!" मी आतून म्हटलं.

बाहेरची धावपळ थांबली.

"अडकलं नाहीये. कडी लावलीय."

बाहेर कुणीतरी हुंदका दिला, कुणी दिला ते अजून कळलेलं नाही. मग शकूबाईंचा आवाज आला, "कुनी हात लावू नका दाराला. चला, बटाटे सोलायला घ्या."

पावलं लांब गेली. एक जोडी मात्र दारापाशीच थांबलेली होती. ह्यांच्या सपातांचा आवाज मला ओळखू येतो, तो गेलाच नव्हता.

मी तांब्याभर पाणी अंगावर घेतलं. गार झालं होतं.

"अहो," मी म्हटलं, "तिथे आहातच, तर गीझरचं बटण परत दाबा. मला अजून वेळ आहे!"