खानझोडेकाकांचा ‘काहून?’

लग्न होऊन मी जबलपूरला आले. रिसेप्शनच्या स्टेजवर सगळ्यांनी आशीर्वाद दिले. खानझोडेकाकांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत डोकावले आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, “बबन, सून छान आणली. पण हिमोग्लोबिन नऊच्या वर नाही.” फोटोग्राफरने नेमका तोच क्षण टिपला.

काका सासऱ्यांचे शाळासोबती. साठी उलटली तरी नेपियर टाउनमधल्या एका लहानशा पॅथॉलॉजीत रक्त तपासायचे. लग्नानंतरची घरची पूजा आटोपताच त्यांनी माझंही रक्त काढलं. आठ पॉइंट नऊ! त्यांना इतका आनंद झाला की मला वाईट वाटून घ्यायचं राहूनच गेलं. मग कारण शोधायला त्यांनी मला डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं.

लोक रिपोर्ट हातात घेऊन विचारत, “काका, रक्त कमी आहे. बीट खाऊ की गूळ?” काका उसळत. ‘काहून’, म्हणजे ‘का’, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. “टाकी रिकामी दिसली की नुसतं पाणी काहून ओतता भैया? नळ बंद आहे की तळाला भोक आहे, ते तर पहा!” लाल पेशी लहान, फिकट दिसल्या की ते लोह तपासायला सांगत, मोठ्या दिसल्या की बी-बारा.

पुढच्या हिवाळ्यात बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, जिना चढताना धाप लागू लागली. त्यांनी परस्पर टॉनिक आणलं आणि दोन महिने प्यायले. शेवटी काकांनी धरून नेऊन रक्त काढलं. हिमोग्लोबिन सात, पेशी लहान, शरीरातला लोहाचा साठा संपलेला. तो रिपोर्ट खिशात घालून काका आमच्याकडे जेवायला आले. मी पुरणपोळी वाढत होते.

“बबन, संडासला काळं होते काय रे?”

बाबांचा घास हातातच राहिला. “अरे, सूनबाई वाढून राहिली ना!”

“वाढू दे. रंग सांग.”

“टॉनिकनं काळंच होते म्हणतात.”

“अच्छा. अन् टॉनिकच्या आधी?”

बाबा माझ्याकडे न पाहता पुटपुटले, “तेव्हाही. डांबरासारखं.”

“गुडघ्याच्या गोळ्या किती दिवसांपासून खाऊन राहिला?”

“सहा-सात महिने.”

काका पुरणपोळी अर्धी टाकून उठले. त्यांनी बाबांना त्याच पावली डॉक्टरांकडे नेलं. तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं, तर गोळ्यांनी पोटात जखम झालेली आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं. बाबा आठवडाभर दवाखान्यात होते.

तीन-चार महिन्यांनी काका बाबांचा नवा रिपोर्ट घेऊन स्कूटरवरून कांचघरला, आमच्या घरी आले आणि फाटकातूनच ओरडले, “तेरा पॉइंट चार!” शेजारच्या मिश्राइन धावत बाहेर आल्या. “पोता हुआ क्या, भैया?”

बाबा हसत सुटले. काकाही हसत ओसरीवर बसले. मग म्हणाले, “माझी आई तीन वर्षं टॉनिकच पीत होती रे. घरचे म्हणायचे, बाईमाणसाला रक्त कमीच असते. काहून कमी आहे, ते कोणी विचारलंच नाही. मीही नाही. ती गेली तेव्हा कॉलेजात शिकत होतो मी.”

बाबांनी त्यांचा हात धरून ठेवला. तेवढ्यात मिश्राइन खोव्याच्या जिलब्यांची ताटली घेऊन आल्या. “पोता न सही, खून तो बढ़ा!”

काकांनी डोळे पुसले आणि दोन उचलल्या.